लाभ म्हटल्यावर कोणी बोलत नाही

कापूस मोजणाऱ्याच्या अंगाला रुई चिकटते. संध्याकाळी कितीही झटका, घरी गेल्यावर कानामागून एखादा पुंजका निघतोच. किश्शांचंही तसंच आहे. ते जमवायला कोणी बसत नाही. दिवसभर माणसांत राहिलं की आपोआप चिकटतात, आणि निवांत बसलं की एकेक निघत राहतात. माझी बायको म्हणायची, तुमच्या कानामागून वर्षाला एक उशी भरते. किस्से भरले असते तर गादी झाली असती.

मी घाटंजीच्या बाजारात मापारी होतो. मापारी म्हणजे माल मोजून देणारा. माल त्याचा नसतो आणि विकत घेणाराही तो नसतो. काटा तेवढा त्याचा. शाळेत मी गेलो नाही. अक्षरं पोत्यांवरच्या छाप्यावरून शिकलो, म्हणून अजूनही मोठी मोठी काढतो आणि एका पानात थोडंच बसतं. आता यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले. लाल आकडे आपोआप दिसतात, तिथं माझं काम उरलं नाही. पण पायांना ते कोणी सांगितलं नाही. सकाळ झाली की ते तिकडंच जातात.

यार्डाच्या फाटकाजवळ शेवंताबाईची चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर आम्ही तिघं बसतो. एक मी, दुसरा उस्मानभाई, ज्यानं सारी उमर नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला, आणि तिसरे गुल्हाने सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. शेवंताबाई चौथी. ती बसत नाही, पण बोलण्यात पहिली.

हे किस्से त्या बाकड्यावरचे आहेत, आणि सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात. लहानातला लहान कण फुटला की त्याचं वजन कुठं जाते?

*

सरांची आणि माझी ओळख मोजणी मोडल्यामुळे झाली.

आमच्या मोजणीची एक रीत आहे, ती आधी सांगतो. पहिल्या मापाला मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. दर मापाला एक सरकी, म्हणजे कापसाचं बी, बाजूला ठेवायची, म्हणजे आकडा चुकत नाही. ढीग संपला की 'माप झालं' म्हणायचं. 'लाभ' पासून 'माप झालं' पर्यंत मापाऱ्याशी कोणी बोलत नाही. शेतकरी नाही, व्यापारी नाही, मापाऱ्याची सासू आली तरी नाही. मध्ये कोणी बोललं की मोजणी मोडली, आणि मोडली की परत लाभापासून.

माझं एकोणतिसावं माप चालू होतं. मागून कोणीतरी विचारलं, "काका, काटा दोन्हीकडून सारखा आहे हे तुम्ही कसं ओळखता?"

हमालांनी कपाळाला हात लावला. मी वळून पाहिलं. चष्मा, काखेत छत्री, खिशाला तीन पेन. मी एकोणतीस सरक्या गोळा केल्या आणि परत 'लाभ' म्हटलं. तो माणूस छत्री न उघडता ढीग संपेपर्यंत उन्हात उभा राहिला. 'माप झालं' म्हटल्यावर जवळ आला.

"माफ करा. तुमच्याकडं एक प्रश्न विचारला तर माप मोडते. माझा एक धडा असा आहे, त्याच्यावर आजपर्यंत एकानंही प्रश्न नाही विचारला. तरी तो दरसाल मोडते."

मी त्यांना पासंग दाखवला. रिकाम्या काट्याचं एक पारडं खाली गेलं तर दुसऱ्याला बारीक खडा बांधतात, तो पासंग. सरांनी तो खडा सोडून पाहिला, परत बांधून पाहिला, परत सोडला. एवढा मोठा प्रोफेसर, पण जत्रेतल्या पोरासारखा खूश झाला.

*

रिटायर झाल्यावर सर आमच्या बाकड्यावर आले. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या कॉलेजानं त्यांना एका लेक्चरसाठी बोलावलं. विषय तुम्हीच ठरवा म्हणाले. सरांनी तोच धडा ठरवला.

उस्मानभाई म्हणाला, "सर, जो घोडा तीस साल नाही धावला, त्याच्यावरच काहून बसता?"

सर हसले नाहीत. कपातल्या चहाकडं पाहत म्हणाले, "मले हार नाही पाह्यजे, शाल नाही पाह्यजे. टाळ्या तर प्रिन्सिपॉल वाजवायले लावतेच. मले एक प्रश्न पाह्यजे. एकच. पोराच्या मनातून आलेला."

उस्मानभाईनं लगेच तोड काढली. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, चुणचुणीत पोरगा पाहायचा आणि त्याच्या हातात द्यायची. सरांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी उस्मानभाईनं सरांच्या घरी जाऊन शपथ खाल्ली की तो चिठ्ठी देणार नाही आणि हॉलमध्ये तोंडही उघडणार नाही, तेव्हा कुठं आले.

मग असं ठरलं की लेक्चर आधी आमच्यावर करून पाहायचं. आम्हा तिघांना कळलं तर कॉलेजच्या पोरांना कळेलच.

*

पहिल्या सकाळी सर म्हणाले, "एक कण आहे. शांत बसला आहे. कोणी त्याले हात नाही लावला. तो आपोआप फुटते, त्याचे दोन होतात. आता या दोघांचं वस्तुमान मिळून पहिल्यापेक्षा कमी भरते."

वस्तुमान म्हणजे आम्ही वजन समजलो. सर दर वेळी 'वस्तुमान' म्हणायचे, आम्ही दर वेळी 'वजन' म्हणायचो. आठवड्याभरानं सरही वजन म्हणायला लागले.

पण वजन कमी भरते म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. घट म्हणजे मापाऱ्याच्या इज्जतीचा सवाल. मी एकेक विचारलं. माल ओला होता काय, वाळला असेल? नाही. वारा होता? नाही. पासंग पाहिला? पाहिला. काटा बदलला? नाही. कोणा हमालाच्या खिशात?

"कोणी नाही महादेवराव. काही बाहेर नाही गेलं."

"मंग सर, चोर घरातलाच आहे."

सरांनी वही काढून ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "घरातलाच आहे. फुटल्यावर ते दोन तुकडे जोरात पळतात ना, ते पळणं म्हणजेच कमी पडलेलं वजन. जेवढी घट, तेवढं पळणं. हिशेब तंतोतंत."

मी हळू माणूस आहे. दोन दिवस ते डोक्यात घोळवलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "सर, पटलं. आमच्या यार्डात ज्या दिवशी घट यायची, त्या दिवशी एक हमाल लवकर पळायचा."

*

एकदा सर सांगत होते की वजन आणि ताकद ही एकाच मालाची दोन नावं आहेत. चावी दिलेलं घड्याळ बिनाचावीच्या घड्याळापेक्षा जड असते.

मी माझा जुना तराजू आणला. शेवंताबाईनं नवऱ्याचं गजराचं घड्याळ आणलं. आधी तसंच तोललं. मग उस्मानभाईनं चावी भरली, इतकी की घड्याळ कण्हायला लागलं. परत तोललं. काटा जागचा हलला नाही.

सर म्हणाले, "नाहीच हलणार. तो फरक इतका बारीक आहे की जगातल्या कोणत्याच काट्यावर दिसत नाही."

शेवंताबाई म्हणाली, "न दिसणारं आणायले मले सकाळी सकाळी घरी पाठवलं?"

सर ओशाळले. तिला समजावायला म्हणाले, "आता तुमचा चहाच घ्या. गरम चहा थंड चहापेक्षा जड असते. खरंच असते."

शेवंताबाईनं गाळणं खाली ठेवलं. सरांच्या समोरच्या कपाकडं पाहिलं. त्यात साय धरली होती.

"म्हणजे सर, मी रोज तुमाले पुरा देते, अन् तुम्ही बोलता बोलता कमी करून पिता. अन् मंग म्हणता, शेवंताबाई, कप लहान झाला काय?"

*

संवेग हा शब्द आमच्या गळ्याखाली उतरेना. सर म्हणाले, संवेग म्हणजे पळणाऱ्या वस्तूचा दणका. जड वस्तू जोरात पळाली की दणका मोठा. इथपर्यंत सगळ्यांना समजलं. पुढं म्हणाले, पण वस्तू प्रकाशाच्या वेगाजवळ पोचली की गंमत होते. कितीही ढकला, वेग फारसा वाढत नाही. दणका मात्र वाढतच जाते.

मी म्हटलं, हे काही जमत नाही बा. वेग नाही वाढला तर दणका कायचा वाढते?

उस्मानभाई एकदम सरसावून बसला. "महादेवभाऊ, तुमाले नाही समजणार, तुम्ही सायकलवाले. माझा ट्रक असाच होता. साठपर्यंत जाये मजेत. साठच्या वर तुम्ही एक्सलरेटर दाबा का त्याच्यावर नाचा, गाडी साठातच. आवाज वाढे, डिझेल जाये, कॅबिन थरथर करे. जोर लावला तो जाते कुठं? कुठंतरी जमा होतच असेल न सर?"

सर बाकड्यावरून उभेच राहिले. "उस्मानभाई, हे मले वर्गात कधी सुचलं नाही." वहीत लिहिलं. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे म्हणाले, "फरक एवढाच आहे की कणाच्या बाबतीत दोष इंजिनचा नसते."

"माझ्याही बाबतीत इंजिनचा नव्हता सर. मालकाचा होता."

*

आता ट्रॉल्यांचं सांगतो. सर म्हणाले, शांत बसलेली वस्तू फुटली की दोन तुकडे उलट दिशेला जातात. हलका जोरात जाते, जड हळू जाते. दोघांचा दणका मात्र सारखा, म्हणून बेरीज पहिल्यासारखी शून्यच राहते.

उस्मानभाई म्हणाला, करून पाहू. यार्डात पोती वाहायच्या चार चाकांच्या सपाट ट्रॉल्या असतात. दोन ट्रॉल्या समोरासमोर लावल्या. एकीवर मी बसलो, दुसरीवर उस्मानभाई. मी अंगानं काडी, आणि उस्मानभाईला ट्रॉलीवर बसवायला दोन हमाल लागले. तळहाताला तळहात लावले. सर छत्री वर करून उभे राहिले.

छत्री खाली आली. आम्ही एकमेकाला रेटलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी एका शेतकऱ्याच्या कापसाच्या ढिगात छातीपर्यंत होतो. उस्मानभाई जिथं होता तिथून हातभर मागं गेला होता आणि तिथूनच विचारत होता, "महादेवभाऊ, कुठं गेले?"

ढिगाचा मालक धावत आला. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागतील. त्यानं मला ओढून काढलं, अंग झटकलं आणि सरांना म्हणाला, "गुरुजी, परत करता काय? माझ्या बायकोनं नाही पाह्यलं."

*

सर एकदा असं म्हणाले, ते मी विसरलो नाही. कधी कधी कण फुटतो आणि आपल्याला एकच तुकडा दिसतो. तो एकीकडं पळाला. दुसरीकडं पाहावं तर काहीच नाही. तर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी काय म्हणावं? एक इकडं गेला म्हणजे दुसरा तिकडं गेलाच आहे, आपल्या नजरेला दिसत नाही एवढंच. आणि त्या भरवशावर ते वर्षानुवर्षं थांबले. शेवटी सापडला.

दुसऱ्याच दिवशी टपरीवरची बिस्किटांची बरणी खाली पडून फुटलेली होती. सर वाकून काचा पाहायला लागले.

"शेवंताबाई, बरणी शांत बसली होती?"

"शांत म्हणजे? झाकण लावून ठेवली होती."

"मंग सगळ्या काचा एकाच बाजूला कशा? दुसऱ्या बाजूले काहीतरी गेलंच पाह्यजे. आपल्याले दिसत नाही एवढंच."

आम्ही सगळ्यांनी दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिकडं कडुनिंब होता. कडुनिंबाच्या फांदीवर वानर बसलं होतं. त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा होता.

सरांचं तोंड उजळलं. "पाहा. त्यानं बरणीवरून तिकडं उडी घेतली, बरणी इकडं आली. शास्त्र खोटं बोलत नाही."

शेवंताबाई म्हणाली, "सर, तुमचं शास्त्र खाली उतरवा. माझा पुडा आहे त्याच्यापाशी."

*

लेक्चरचा दिवस आला. शेवंताबाईनं टपरी बंद ठेवली. उस्मानभाई इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. मी तराजू घेऊन स्टेजवर, कारण सरांना मध्येच कापूस तोलून दाखवायचा होता. एका पारड्यात कापूस, दुसऱ्यात तेवढ्याच कापसातून काढलेली रुई आणि सरकी. कापूस मोडला तर वजन जिथल्या तिथं राहते, कण मोडला तर काही भाग पळण्यात जाते. हा फरक पोरांना डोळ्यानं दिसावा, ही कल्पना माझी होती. म्हणून मीही मनातल्या मनात फुगलो होतो.

हॉल भरलेला होता. सगळी आसपासच्या गावातली पोरं-पोरी, कापसाच्या, तुरीच्या घरातली. सुरुवात फार सुंदर झाली. ट्रकवर पोरं हसली. घरातल्या चोरावर तर टाळ्या पडल्या. मागं चुळबुळ होती, कुजबुज होती, एकदोघं शेजाऱ्याला काहीतरी विचारत होते. सर चढत्या रंगात होते.

मग त्यांनी माझ्याकडं हात केला. मी काटा उचलला, कापूस टाकला. काट्याला हात लागला की माझं तोंड माझं राहत नाही. जन्माची सवय.

"लाभ."

माईक समोरच होता.

हॉल एकदम चूप झाला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटलं, वा, कापूस पाहून पोरं रंगली. सरांनाही तसंच वाटलं असेल. मी तोलून दाखवलं, पारडी सारखी भरली, सरांनी मान हलवली, मी काटा बाजूला ठेवून बसलो.

पुढचा अर्धा तास सर जे बोलले, ते मी बाकड्यावरही ऐकलं नव्हतं. ज्याला वजनच नाही त्या प्रकाशालाही दणका असते म्हणाले. पळणारा कण बसलेल्या कणापेक्षा जास्त काळ जगते म्हणाले. फळा भरला, पुसला, परत भरला. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

मग त्यांनी खडू ठेवला. हात पुसले. "कोणाला काही विचारायचं आहे?"

कोणी नाही.

"काहीही विचारा. चुकलं तरी चालते."

उस्मानभाईचा गुडघा हलत होता. शेवंताबाईनं त्याचा दंड धरून ठेवला होता, कारण शपथ होती. सरांनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पाहिलं, आणि परत शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. प्रिन्सिपॉल उठले. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. प्रिन्सिपॉल सरांना समोरच्या दारानं चहाला घेऊन गेले. सरांची छत्री नेहमी काखेत असते. त्या दिवशी ते ती टेकत टेकत गेले.

*

मी तराजू खांद्यावर टाकून मागच्या दारानं निघालो. तिथं पोरं उभी होती. वीस-पंचवीस असतील. पुढं एक पोरगी, टेकामांची. तिचा बाप आमच्या यार्डात कापूस आणतो, तिला मी लहानपणी ढिगावर बसलेली पाहिली होती.

ती म्हणाली, "आबाजी, आता बोलू काय?"

"बोल न. काहून विचारते?"

"तुम्ही लाभ म्हटलं न. अन् माप झालं म्हटलंच नाही."

मी खांद्यावरचा तराजू खाली ठेवला. ती सांगत होती, लहानपणी यार्डात माप चालू असताना ती एकदा बोलली होती, तर बापानं पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून 'लाभ' ऐकलं की तोंड आपोआप मिटते. मागची पोरं हसत होती, पण माना हलवत होती. ज्यांना रीत माहीत नव्हती, ते बाकीचे चूप म्हणून चूप बसले. एक पोरगा म्हणाला, मी हात वर करणारच होतो, यानं खाली ओढला.

सारी उमर मोजण्यात गेली माझी. हजारो मापं केली असतील. एकदाच 'माप झालं' म्हणायचं राहून गेलं, आणि ते त्या दिवशी.

मी तिथंच उभ्या उभ्या म्हटलं, "माप झालं."

मग जो गलका झाला! दहा तोंडं एकदम सुरू झाली. मी म्हटलं, सरांकडं चला, पण तोवर प्रिन्सिपॉलची गाडी सरांना घेऊन गेली होती. मला भराभर लिहिता येत नाही. म्हणून म्हटलं, एकेक बोला. झोळीत कापूस होता, त्यातून दर प्रश्नाला एक सरकी काढली आणि खिशात टाकली. प्रश्न ऐकायचा, मनात दोनदा म्हणायचा, सरकी टाकायची.

टेकामांच्या पोरीनं विचारलं, "आबाजी, तुमाले समजून राह्यलं काय हे?"

"समजायचं काम सरांचं. माझं मोजायचं."

*

दुसऱ्या दिवशी सर उशिरा आले. शाल घरी ठेवून आले होते. बसले. शेवंताबाईनं चहा दिला, तो तसाच राहिला. कपाला हात लावून म्हणाले, "थंड झाला. वजन कमी झालं याचं." आणि हसायचा प्रयत्न केला.

मग ते माझ्याकडं वळले.

"जाऊ द्या महादेवराव. धडाच तसा आहे. तुमची काही चूक नाही."

मी खिशात हात घातला. मूठभर सरक्या काढल्या. बाकड्यावर आमच्या दोघांच्या मध्ये जागा होती, तिथं पहिली सरकी ठेवली.

"लाभ," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना रीत माहीत होती. ते गप्प झाले.

"लाभ. एक पोरगा विचारते, कमी पडलेलं वजन पळण्यात गेलं. मंग ते तुकडे कशावर तरी आदळून थांबले, तर ते वजन परत येते काय?

"दोन. कणाले आता फुटायचं आहे, हे त्याले कोण सांगते?

"तीन. कण आधीच पळून राह्यला असला, अन् पळता पळता फुटला, तरी तुकडे उलट दिशेलेच जातात काय? का दोन्ही पुढं जाऊ शकतात?"

सरांचा हात पेनकडं गेला. पेन काढलं, पण वही उघडायची राहिली.

"चार. कण फुटून एकच तुकडा निघाला, असं होऊ शकते काय?

"पाच. प्रकाशाले वजन नाही, मंग दणका कुठून आणते?"

सरांचं तोंड उघडलं. उस्मानभाईनं ओठावर बोट ठेवलं. सरांनी तोंड मिटलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"सहा. पळणारा कण जास्त जगते, हे आपल्याले वाटते. पण त्याचं त्याले जास्त वाटते काय?"

शेवंताबाईनं गॅस बंद केला. एक गिऱ्हाईक आलं, दोन कट चहा द्या म्हणालं. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"सात. हा टेकामांच्या पोरीचा आहे. ती म्हणते, आबाजीनं कापूस तोलला. पण कापसात रुई अन् सरकी आधीपासून बसलेलीच असते, आपण फक्त वेगळी करतो. कणात ते तुकडे आधीपासून बसलेले असतात काय? का फुटायच्या वेळेसच नवे होतात? आधीपासून नसतील, तर आबाजीचं उदाहरण चुकलं."

सर बाकड्याच्या कडेला आले होते. डोळे भरले होते, आणि त्या भरलेल्या डोळ्यांनीच हसत होते. बोलायला इतके आतुर झाले होते की त्यांना काय करावं कळेना. मग त्यांनी उजवा हात वर केला. सरळ, वर्गात पोरं करतात तसा, एक बोट आभाळाकडं.

मी मुठीतली पुढची सरकी ठेवली.

"सर, माप चालू आहे."